राजीनामा लिहून झालाय, तारीख टाकायची राहिलीय

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय 48. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 24 वर्षं झाली. जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकांचे पत्ते पाडायला लागलो होतो, आज वीव्हिंग मास्टर आहे. हातात 46 हजार येतात. आधी मोठे मालक बघायचे, आता त्यांचा मुलगा बघतो. मागच्या महिन्यात नव्या मशिनींची मीटिंग झाली, मला बोलावलंच नाही. चहाचा ट्रे आत जाताना दारातून दिसला. तेव्हापासून कामावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

मोहोळ तालुक्यात वडिलांची सव्वादोन एकर जमीन आहे, भाऊ कसतो. तिथं डाळिंब लावावं असं मनात आहे. मित्र म्हणतो, आत्ता नाही तर कधी? बायको नको म्हणते. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा दहावीला. घराचा 14 हजारांचा हप्ता अजून सहा वर्षं आहे. मला शुगरची गोळी चालू आहे.

माझ्यात एक दोष आहे, मला नाही म्हणता येत नाही. रविवारीसुद्धा शहराच्या पूर्व भागातले छोटे कारखानदार बोलावतात, जकार्ड अडलं की जातो. घरी जेवायला चार वाजतात, त्यावरून वाद. राजीनामा लिहून स्कूटरच्या डिक्कीत ठेवलाय. तारीख तेवढी टाकायची राहिलीय. काय करू?

— एक मास्तर, सोलापूर

उत्तर

मास्तर, नमस्कार.

जागेअभावी तुमचं पत्र कापून छापावं लागलं, रागावू नका. पण कापताना एक गंमत लक्षात आली. मूळ पत्रात डाळिंबावर तुम्ही अडीच ओळी लिहिल्यात. त्यात डाळिंब कुठलं, बहार, म्हणजे फळाचा हंगाम, कुठला धरणार, पाणी कुठून आणणार, यातलं काही नाही. मीटिंगवर अर्धं पान आहे. आणि तो जो रविवारचा 'दोष', त्यावर अख्खं पान! साखर पेठेत एका मागावर चादरीतल्या मोराची मान दर वेळी एकाच जागी तुटत होती, ती तुम्ही कशी शोधलीत. डोळे मिटून नुसता आवाज ऐकला की कुठला हुक अडकलाय ते कळतं, हे. तिथल्या पोराला तुम्ही तुमच्या मोडक्या तेलुगूत समजावलंत आणि पुढच्या वेळी त्यानं स्वतःच हार्नेसची दोरी बदलली, हे. एवढं सगळं लिहून खाली शेवटी 'असा माझा वेळ वाया जातो'.

म्हटलं, हा माणूस तक्रार करतोय की कौतुक सांगतोय?

त्यावर येतेच. आधी तो चहाचा ट्रे.

चोवीस वर्षं ज्या खात्याचा आवाज तुम्ही कानानं ओळखता, त्याच्याच मशिनी ठरवताना तुम्हाला बाहेर उभं केलं. हे लागणारच. मन मोठं करा वगैरे मी सांगणार नाही. फक्त एक विचारते. उद्या त्या मुलानं तुम्हाला केबिनमध्ये बसवून म्हटलं, 'मास्तर, चुकलं. या मशिनी तुम्हीच उभ्या करून द्या', तर पोटातला गोळा जाईल का? लगेच उत्तर देऊ नका, आंघोळ करताना वगैरे विचार करा. जाईल असं वाटलं, तर तुम्हाला नोकरी नकोशी झालेली नाही, तुमचा मान हवाय. त्यासाठी राजीनामा फार महाग पडतो, पंधरा मिनिटांचं बोलणं स्वस्त. आणि तो पाया पडून बोलला तरी गोळा जाणार नाही असं वाटलं, तर मात्र तुम्हाला खरंच निघायचंय. मग कधी आणि कसं एवढंच ठरवायचं उरतं.

मला वाटतं तुमचं दुसरं आहे. पण पंधरा मिनिटं तरीही बोलाच, आणि बोलताना तक्रार करू नका, एक गोष्ट मागा. नव्या मशिनी बसवायला कंपनीचा इंजिनिअर येईल, त्याच्या हाताखाली मला राहू द्या म्हणा. नव्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला पत्ते लागत नाहीत, डिझाइनची फाइल थेट मशिनीत जाते. तुम्ही पुठ्ठ्यावर भोकं पाडत शिकलात. पत्त्याचं जकार्डही कळतं आणि फाइलचंही कळतं, अशी माणसं सोलापुरात किती असतील ते तुम्हीच मोजा. आज ते शिकायचा पगार मिळतोय. बाहेर पडल्यावर तेच शिकायला पदरचे पैसे घालावे लागतील.

आता थोडं घरचं सांगते. माझे वडील इथल्याच एका गिरणीत फिटर होते. 1990 च्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा ते 51 वर्षांचे. भोंगा बंद झाला तरी ते सकाळी सहाला तयार. आई काही न बोलता डबा भरून द्यायची. ते गेटवर जाऊन बसायचे, बाकीचे येऊन बसायचे, देणी मिळणार की नाही यावर बोलणं व्हायचं आणि साडेतीनला डबा संपवून घरी. सात महिने असं चाललं. आईनं तोवर विड्या वळायला घेतल्या होत्या. तेंदूची पानं भिजवलेलं पातेलं मोरीपाशी असायचं, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

मग शेजारच्या मावशींचं शिलाई मशीन बिघडलं. त्या शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या, सोलापुरात हा धंदा घरोघर. वडिलांनी दुपारभर बसून मशीन उघडलं, पुसलं, चालू करून दिलं. पैसे? 'शेजारधर्म आहे, पैसे कसले!' संध्याकाळी आई उठली, मावशींकडे गेली, वीस रुपये मागून आणले आणि देवापुढे ठेवले. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीचं पान फाडलं आणि दर लिहून काढले. सुई बदलणं, तेलपाणी, शटल बसवणं, वेगवेगळे. पुढची चौदा वर्षं सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून ते हेच करत होते. गिरणीइतकं त्यांनी कधी कमावलं नाही, हेही सांगून टाकते. आईच्या विड्या काही सुटल्या नाहीत.

वडिलांना निवडायला मिळालं नव्हतं, तुम्हाला मिळतंय. पण तुमचे ते वीस रुपये अजून कुणी मागितलेले नाहीत.

म्हणून पहिलं काम. येत्या रविवारपासून फुकट जाणं बंद. कारखानदार तुमच्या ओळखीचे असतील, त्यांचे वडीलही ओळखीचे असतील, तरी बंद. 'आता माझा दर आहे' एवढंच सांगा. किती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. माग एक दिवस बंद राहिला तर त्यांचं किती बुडतं, त्यावरून काढा. मग जे होईल ते एका वहीत लिहा. कुणी बोलावलं, काय बिघडलं होतं, किती तास लागले, किती सांगितले, किती मिळाले, कधी मिळाले. काही जण बोलवायचे थांबतील. तुम्हाला वाईट वाटेल, पण तेही वहीत लिहा, कारण तेच कळून घ्यायचंय. आणखी एक धोका असतो. जे फुकट करताना आनंद होतो ते पैसे घेतल्यावर ओझं होऊन बसू शकतं. तसं झालं तर आत्ताच कळलेलं बरं, हातात पगार आहे तोवर.

नेमणूकपत्र काढून बघा मात्र. दुसरीकडे काम करू नये अशी अट बऱ्याचदा असते. असेल तर त्या पंधरा मिनिटांतच हेही उघड बोला. लपूनछपून केलेलं काम सोलापुरात चार दिवसांवर लपत नाही, कन्ना चौकातला चहावाला आधी सांगेल.

हा धंदा उद्या भरभराटीला येणार आहे असं मी म्हणत नाही. पूर्व भागात किती शेड बंद पडल्या, माग भंगारात गेले, हे तुम्ही रोज बघता. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाहेरचा स्वस्त माल 'सोलापुरी' म्हणून विकला जायचा तो जातोच. पण जे टिकलेत त्यांना जुना माग चालता ठेवायचाय, नाहीतर नवा घ्यायचाय, आणि दोन्ही वेळी तुमच्यासारखा माणूस लागतो. हे किती वर्षं चालेल हे वहीच सांगेल. मी अंदाज केला तर तो खुर्चीतला अंदाज होईल.

आता डाळिंब. माझा मावसभाऊ सांगोल्याकडे डाळिंब करतो, म्हणून जरा अधिकारानं बोलते. उन्हाळ्यात त्याच्या बागेत गेलं तर फळं दिसत नाहीत, साड्या दिसतात. उन्हानं फळाला चट्टे पडू नयेत म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या. लांबून वाटतं, लग्नघरच्या बायकांनी साड्या वाळत घातल्यात. छान फोटो येतो. पण त्या साड्यांखाली काय चाललंय ते त्याला विचारा. 15 बाय 10 फुटांवर लावली तर एकरी 300 च्या आसपास झाडं बसतात. लावल्यापासून पहिला बहार धरायलाच दोनेक वर्षं जातात, तोवर नुसता खर्च. मग आंबे बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडायचं, फूल आल्यापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने. मृग बहार धरला तर पावसाळी हवेत तेल्याची भीती जास्त. तेल्या म्हणजे फळावर तेलकट डाग येतो, फळ तडकतं, आणि तो एका झाडावरून दुसऱ्यावर बघता बघता जातो. त्याच्यापायी आणि मर रोगापायी चालत्या बागा मुळासकट काढलेली माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. मावसभाऊ पहाटे चारला उठून पानं उलटी करून बघतो. त्याला ते आवडतं. तुम्हाला आवडेल का? पत्रात तुम्ही एकदाही पान उलटं करून बघितलेलं नाही.

डाळिंब नको असं माझं म्हणणं नाही. आधी जाऊन बघा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, विद्यापीठाच्या बाजूलाच. तुमच्या घरापासून स्कूटरवर जाण्याइतकं जवळ. माती आणि पाणी तपासून घ्या, कुठला बहार परवडेल ते विचारा. साठलेल्या रजेतून आठ-दहा दिवस काढा आणि छाटणीच्या किंवा फवारणीच्या दिवसांत कुणाच्या तरी बागेत गडी म्हणून राबा. पाहुणा म्हणून गेलात तर फक्त सरबत मिळेल.

आणि तुमचा भाऊ? पत्रात 'भाऊ कसतो' एवढे दोनच शब्द आहेत. मास्तर, सातबारा कुणाच्या नावावर आहे? वाटणी झालीय का? नसेल आणि तुम्ही दोघंच वारस असाल, तर सव्वादोन एकरातलं तुमच्या वाट्याला एकराहून थोडं जास्त येतं. ज्या माणसानं इतकी वर्षं तिथं ज्वारी पिकवली, त्याला तुम्ही अजून विचारलेलंही नाही आणि राजीनामा डिक्कीत! कारखान्यात तुम्हाला न विचारता मीटिंग झाली याचं तुम्हाला लागलं ना? मग गावाकडे तुम्हीही तेच करताय. रोपांचा विचार नंतर, आधी भावाबरोबर भाकरी खा.

पैशाचं लवकर उरकते, कारण आकडे तसे सरळ आहेत. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 26 हजार धरला तर ग्रॅच्युइटी काढायची रीत अशी: 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. 24 वर्षांचे 3 लाख 60 हजार होतात. ऐकायला बरे वाटतात. पण तुमच्या हप्त्यानं भागून बघा, पंचवीस महिने. चोवीस वर्षांच्या नोकरीचे हप्त्यात मोजले तर पंचवीस महिने, बस. पीएफची पेन्शन पूर्ण हवी तर 58 पर्यंत थांबावं लागतं. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण 58 च्या आधीच्या दर वर्षाला 4 टक्के कापले जातात, म्हणजे पन्नासाव्या वर्षी घेतली तर 32 टक्के कमी, आणि तेही कायमचे. तशीही ती पेन्शन ठरावीक वेतनमर्यादेवर निघते, 46 हजारांवर नाही. पूर्ण मिळाली तरी पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमीच धरा. पीएफच्या शिलकीला बागेसाठी हात लावू नका, मित्र काहीही म्हणो.

शुगरच्या गोळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कारखान्याचा ग्रुप विमा असेल तर नोकरीबरोबर तो जातो. स्वतंत्र कुटुंब पॉलिसी आजच काढा आणि शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात. ती तीन वर्षं पगार चालू असताना मोजली जाऊ देत. ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का, हेही सोडायच्या आधी विचारा. सोडल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असेल.

पुढे कधी स्वतःचं दुकान मांडलंत तर उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणा एजंटला हजार रुपये देऊ नका. हे सगळ्यांनाच सांगायचं होतं, तुमच्या निमित्तानं सांगून घेतलं.

वहिनींबद्दल. त्या नको म्हणतात असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. कशाला नको म्हणतात? नोकरी सोडायला, डाळिंबाला, मोहोळला जायला, की चार वाजता गरम कराव्या लागणाऱ्या जेवणाला? ही चार वेगवेगळी 'नको' आहेत. माझ्या आईनं वीस रुपये मागितले तेव्हा वडिलांना वाटलं, हिनं आपली लाज काढली. ती काय मोजत होती हे त्यांना कळायला वर्ष लागलं. घरात रोज हजार विड्या वळल्या की किती मिळतात हे तिला बोटावर पाठ होतं. वहिनींपुढे हप्ता, पुण्याची फी, दहावीचे क्लास, दूध-किराणा असं सगळं लिहिलेला कागद ठेवा आणि विचारा, माझा पगार थांबला तर यातलं काय थांबेल? त्यांना जे सुचेल ते तुमच्या मित्राला सुचणार नाही. (जाता जाता, हा मित्र स्वतः कुठं नोकरी करतो? सोडली का त्यानं?)

त्याच्या 'कधी'ला माझ्याकडे उत्तर आहे. मुलीची अजून अडीच-तीन वर्षं आहेत. ती कमावती होईल तेव्हा तुम्ही पन्नाशी नुकती ओलांडलेली असेल. हातात कला असलेल्या माणसाला ते वय काही उशिराचं नाही. पण अडीच वर्षं नुसतं सोसत बसा असंही मी म्हणत नाही, पोटात गोळा घेऊन कुणी अडीच वर्षं काढू नयेत. म्हणून पहिला थांबा जवळचा ठेवू. गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वराची जत्रा येईल, नंदीध्वज निघतील. तोवर वहीत वीस-पंचवीस रविवार जमा झालेले असतील, बागेतले आठ दिवस झालेले असतील, भावाशी बोलणं झालेलं असेल आणि नव्या मशिनीपाशी तुम्हाला उभं राहू दिलं की नाही तेही कळलेलं असेल. अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन वहिनींसमोर बसा. रविवारच्या चार तासांतून पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास काही उभं राहिलं असेल आणि महिन्याचं ठरावीक काम बांधून द्यायला चार-सहा कारखानदार तयार असतील, तर मग वर्षभराचे हप्ते आणि फी बाजूला टाकायला लागा आणि तारखेचा विचार करा. वहीची पानं कोरी राहिली असतील तर मला पुन्हा लिहा. तेव्हा दुसरं काहीतरी बघू.

त्या पोराचं नाव काय, दोरी बदलणाऱ्या? त्याला रविवारी सोबत घेऊन जा, आणि मिळेल त्यातले थोडे त्यालाही द्या.

राजीनामा डिक्कीतून काढून कपाटात ठेवा, पावसाचे दिवस आहेत, शाई पसरेल. आणि येत्या रविवारी कुठलंही जकार्ड अडलेलं असू दे, दोनच्या आत घरी जेवायला जा.